हॅरॉल्डचं बोलणं

सदतीस वर्षं मी नट म्हणून पोट भरलं. त्यात अकरा वेळा पाद्री झालो, नऊ वेळा पोलीस निरीक्षक, चार वेळा खुनी. आणि बागेत पडलेलं प्रेत ज्याला पहिल्यांदा दिसतं तो माळी किती वेळा झालो, ते मोजायचं सोडून दिलं. एकदा एकाच आठवड्यात मी टीव्हीवर सोमवारी न्यायाधीश होतो आणि बुधवारी फाशी जाणारा कैदी. माझ्या घरमालकिणीने दोन्ही कार्यक्रम पाहिले आणि शनिवारी मला विचारलं, "या आठवड्यात काही काम मिळालं का हो तुम्हाला?" मला त्याचा फार अभिमान वाटला होता. आमच्यासारख्या नटाला कोणी ओळखलं नाही, म्हणजे काम नीट झालं.

लोक मला ओळखायला लागले ते एकाच भूमिकेमुळे, आणि ती मी माझ्या बहिणीच्या नवऱ्याची चोरली होती.

त्याचं नाव हॅरॉल्ड एन्टविसल. लँकेशरमधल्या थॉर्नक्लफ या आमच्या गावात, मोठ्या रस्त्यावरच्या बुटांच्या दुकानात तो पुरुषांच्या काउंटरला होता. उंच, किडकिडीत, नखं नेहमी स्वच्छ. गिऱ्हाइकापुढे एक गुडघा टेकून बसायचा आणि त्याचं पाऊल असं हातात घ्यायचा, की गिरणीतून दमून आलेला माणूससुद्धा जरा ताठ बसायचा. गावात सगळे त्याला सावकाश, विचार करून बोलणारा माणूस म्हणून ओळखत. तो लहानपणापासून अडखळत बोलायचा हे कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या बहिणीला, विनीलासुद्धा नाही.

मला ते त्याने सांगितलं. ईस्टरचा रविवार होता. जेवण झालं होतं, विनी आणि त्यांची मुलगी ऑड्री बाहेरच्या खोलीत होत्या, हॅरॉल्ड ताटं धूत होता आणि मी पुसत होतो. मी सहज म्हटलं, "हॅरॉल्ड, तू प्रत्येक वाक्याआधी 'आता त्याचं असं आहे, म्हणजे' असं का म्हणतोस?"

त्याने नळ बंद केला. दाराकडे पाहिलं.

"तू नट आहेस, तुला कळेल," तो म्हणाला. "अवघड शब्द मला लांबूनच दिसतो. रस्त्यात खड्डा दिसावा तसा. मग मी मागून पळत येतो. 'आता त्याचं असं आहे, म्हणजे', हे माझं पळणं. तेवढ्या वेगात उडी मारली की पलीकडे."

"आणि टायला हात लावतोस तो?"

"तो उडी मारताना." तो हसला. "एकच अक्षर आहे नडणारं. दुकानात जे विकतो, त्याचंच पहिलं अक्षर. म्हणून मी जोडा म्हणतो, चामडी जोड म्हणतो, पायातलं म्हणतो. अठरा वर्षं झाली, साहेबांनासुद्धा पत्ता नाही. ऑड्री झाली तेव्हा विनीला मुलीला तुमच्या आईचं नाव ठेवायचं होतं."

आमच्या आईचं नाव बार्बरा होतं.

"विनीला सांगितलं नाहीस?"

"आता इतक्या वर्षांनी काय सांगू? तिला वाटतं, मी असाच आहे. आणि खरं म्हणजे मी असाच झालोय."

मी आणखी विचारत राहिलो. उडी चुकली तर काय करतोस, फोनवर कसं करतोस, शाळेत काय व्हायचं. तो सगळं सांगत गेला, चाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं म्हणून असेल. त्या दिवशी माझ्या मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगू शकतो. त्यानंतरच्या दिवसांबद्दल शपथ घेता येणार नाही.

पुढच्या फेब्रुवारीत मला एका नव्या विनोदी मालिकेत काम मिळालं. रेल्वे स्टेशनवरच्या हरवलेल्या सामानाच्या कचेरीतला मिस्टर गॅबल. लोकांची छत्री, बॅग परत द्यायला ज्याच्या जिवावर येतं असा कारकून. आयुष्यात पहिल्यांदा मला दर आठवड्याला येणारं, नाव असलेलं पात्र मिळत होतं. आणि ते मला सापडेना. लंडनमधल्या एका थंडगार चर्चच्या हॉलमध्ये तालमी चालल्या होत्या. मी घोगरा आवाज करून पाहिला, पाय ओढून पाहिला, चष्मा लावून पाहिला. दिग्दर्शक मार्चबँक सभ्य माणूस होता. तिसऱ्या दिवशी त्याने मला बाजूला घेतलं.

"क्लिफर्ड, तुम्ही मला सगळे कारकून करून दाखवताय," तो म्हणाला. "मला एक कारकून हवाय. सोमवारी बघू, आणि सोमवारी नाही झालं तर मला दुसऱ्या कुणाला तरी फोन करावा लागेल."

त्या शनिवारी मी थॉर्नक्लफला गेलो. विनीला म्हटलं, तुमची आठवण आली. मग बूट घ्यायचेत म्हणून दुकानात गेलो आणि पाऊण तास बसलो. हॅरॉल्डला सात जोड खाली काढायला लावले. मला एकही नको होता. मी त्याचा टायवरचा हात पाहत होतो, आवंढा कधी गिळतो, शब्द पलीकडे पडल्यावर चेहऱ्यावर हलकं हसू कसं येतं, ते पाहत होतो. तो एकदा वर बघून म्हणाला, "आता त्याचं असं आहे, म्हणजे, बूट तुला एवढे चोखंदळपणे घ्यायचे असतील तर मँचेस्टरला जा ना." माझ्यासमोर त्याने तो शब्द मुद्दाम म्हटला होता, जमतो हे दाखवायला. मी परतीच्या गाडीत तेही पाकिटाच्या मागे लिहून घेतलं.

सोमवारी मी मिस्टर गॅबल उभा केला. तालमीच्या नोंदी ठेवणारी मुलगी हसून हसून खाली बसली. मार्चबँकने विचारलं, "हा कुठून आणलात?"

"सुचला," मी म्हणालो.

लेखकांनी पुढे त्यावर इमले चढवले. गॅबल भित्रा होता, लबाड होता; आता ठरलं असं, की खोटं बोलायची वेळ आली की त्याने टायला हात लावायचा आणि 'आता त्याचं असं आहे, म्हणजे' म्हणायचं. मी त्यावर काही बोललो नाही. खरं तर पहिली सूचना माझीच होती.

मालिका सप्टेंबरात सुरू झाली. चौथ्या आठवड्यात बसच्या कंडक्टरने मला तिकीट देताना टायला हात लावला. पेपरात माझा फोटो आला. विनीचा फोन आला.

"आम्ही बघतो दर गुरुवारी," ती म्हणाली. "हॅरॉल्ड म्हणाला, छान करतोस."

"आणखी काय म्हणाला?"

"तो कधी काही म्हणतो का?" मग ती म्हणाली, "क्लिफ, तो माणूस कुणासारखा तरी वाटतो. कोण ते लक्षात येत नाही माझ्या."

गावाच्या लक्षात नोव्हेंबरपर्यंत आलं. आधी एक गिऱ्हाईक हसलं. मग दुकानातले सगळे. गिरणीतल्या बायका नवऱ्यांना घेऊन मुद्दाम हॅरॉल्डच्या काउंटरला यायच्या आणि म्हणायच्या, "आता त्याचं असं आहे, म्हणजे, नऊ नंबरात आहे का हो?" त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. टीव्हीवरचा माणूस आपल्या गावचा आहे याचं त्यांना कौतुक होतं. त्यांना वाटायचं, आपण हॅरॉल्डला मान देतोय.

हॅरॉल्डने ते वाक्य म्हणायचं सोडून दिलं. आणि ते सोडल्यावर त्याच्याकडे काहीच उरलं नाही. एकावन्नाव्या वर्षी त्याचं अडखळणं परत आलं, शाळेत होतं त्याहून वाईट. त्याचा बस स्टॉप ब्रिज स्ट्रीटचा; कंडक्टरला ते नाव सांगता येईना म्हणून तो पुढच्या स्टॉपचं तिकीट काढायचा आणि मागे चालत यायचा. डिसेंबरात त्याने साहेबांना चिठ्ठी लिहून मागच्या गोदामात बदली मागून घेतली.

हे सगळं मला विनीने सांगितलं. जानेवारीत ती एकटी लंडनला आली. आयुष्यात दुसऱ्यांदा. माझ्याकडे येऊन खुर्चीवर बसली, पण अंगातला कोट काढला नाही.

"लहानपणी तू आजोबांच्या खोकल्याची नक्कल करायचास," ती म्हणाली. "आई मारायची तुला. जरा जास्त मारायला हवं होतं तिनं."

"विनी, मी मुद्दाम..."

"मला नट नको दाखवूस. अठ्ठावीस वर्षं मी त्या माणसाबरोबर झोपते आणि त्याला काय होतं ते मला टीव्हीवर कळलं. मला, क्लिफ. लोकांबरोबर बसून हसले मी पहिले तीन आठवडे." तिने हातमोजे काढले आणि पुन्हा घातले. "तो तुला काही बोलणार नाही. म्हणून मी आले. पुढच्या वर्षी पुन्हा आहे म्हणतात. तू करू नकोस."

"मी विचार करतो," मी म्हणालो.

पुढच्या वर्षाचा करार आमच्या दोघांच्या मध्ये टेबलावरच होता, वर्तमानपत्राखाली. मी त्यावर आदल्या आठवड्यात सही केली होती. कागदाचा कोपरा बाहेर दिसत होता. मी चहाची किटली उचलून त्यावर ठेवली. विनीने चहा घेतला नाही. तिची गाडी सव्वातीनची होती. मी स्टेशनवर सोडतो म्हटलं, तर म्हणाली, मला रस्ता माहीत आहे.

दुसरं वर्ष पहिल्यापेक्षा जास्त चाललं.

त्या उन्हाळ्यात ऑड्रीचं लग्न ठरलं. मला वाटलं होतं, आमंत्रण येणार नाही. आमंत्रण आलं, आणि सोबत हॅरॉल्डच्या सुंदर अक्षरातलं पत्र. मुलीच्या वडिलांचं भाषण त्याने लिहून काढलं होतं. ते मी वाचावं, अशी त्याची विनंती होती. मुलाचं नाव ब्रायन आहे, त्याने लिहिलं होतं, आणि ते मला जमणार नाही. तुझ्याकडे आवाज आहे. तू वाचलंस तर माझ्यावर उपकार होतील.

उपकार हा शब्द मी किती वेळा वाचला असेन. वाटलं, ही मला संधी आहे. नीट वाचायचं, साधं वाचायचं, आणि मग एकांतात त्याची माफी मागायची.

लग्न चर्चमध्ये झालं आणि जेवण कोऑपरेटिव्ह दुकानाच्या हॉलमध्ये. ऐंशी माणसं, हॅम, लोणच्यातले कांदे, ट्रायफलचं पुडिंग, शेरीचे छोटे ग्लास. मी कागद घेऊन उभा राहिलो. भाषण फार चांगलं होतं. ऑड्री पहिलं पाऊल टाकायला शिकली ती दुकानातल्या सर्वांत लहान लाल बुटांत, आणि ते तिच्या पायाला लहान झाले तरी त्याने विकायला परत न ठेवता कपाटात ठेवले, असं काहीसं. मी माझ्या आवाजात वाचत होतो. पण मी उभा राहिल्यापासूनच लोकांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं होतं. ते वाट बघत होते. लाल बुटांवर कुणाचे डोळे ओले झाले नाहीत.

ब्रायनचा काका, लालबुंद चेहऱ्याचा माणूस, मागून म्हणाला, "अहो, गॅबलच्या आवाजात करा की. नाहीतर तुम्हाला बोलावलं कशाला?"

सगळे हसले. मी हॅरॉल्डकडे पाहिलं. तो ताटाकडे बघत होता. पुढच्या वाक्यात जावयाचं नाव होतं. मी नुसतं वाचून पुढे जाऊ शकलो असतो. किती वेळ गेला म्हणाल, तर श्वास घ्यायला लागतो तेवढा.

माझा हात टायकडे गेला.

"आता त्याचं असं आहे, म्हणजे," मी म्हणालो, आवंढा गिळला, आणि ब्रायनचं नाव पलीकडे टाकलं.

हॉल हादरला. कुणीतरी टेबलावर मूठ आपटली. ब्रायनची आई रुमालाने डोळे पुसत होती. एकदा हशा आला की नटाच्या अंगात काहीतरी शिरतं. मी ते आणखी दोनदा केलं. तिसऱ्यांदा मला ऑड्री दिसली. ती पांढऱ्या कपड्यात सरळ बसून माझ्याकडे बघत होती, अनोळखी माणसाकडे बघावं तशी.

तेव्हा हॅरॉल्ड उठला. त्याने माझ्या हातातून कागद घेतला, हिसकावला नाही, घेतला. बोटाने ओळ शोधली. तोंड उघडलं. "ब," तो म्हणाला, आणि थांबला. "ब... ब..." मान थरथरायला लागली, डोळे मिटले गेले.

आणि लोक पुन्हा हसले. दुष्टपणाने नाही. त्यांना वाटलं, दोघे मेव्हणे मिळून गंमत करताहेत. हॅरॉल्ड आपल्या माणसांत किती मोकळा झालाय, असं वाटून काही जणांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

विनी उठली. तिने ग्लास वर केला आणि मोठ्या आवाजात म्हणाली, "ऑड्री आणि ब्रायन." मग सगळ्यांना उभं राहावंच लागलं.

नंतर तो मला हॉलच्या मागे सापडला, जिथे दुधाच्या बाटल्यांचे क्रेट रचलेले होते. मी बोलायला लागलो. मला वाटतं मी बराच वेळ बोललो: तालमी, मार्चबँक, पाकिटावर लिहिलेलं, सगळं. तो ऐकत होता. मग तो बोलला, आणि त्याला खूप वेळ लागला. शब्द अडला की तो पूर्वीसारखा दुसरा शब्द शोधत नव्हता, तिथेच उभा राहायचा. ते अडणं मी इथे लिहीत नाही. ते मी एकदा केलंय, पुरे झालं.

"मला पहिल्या गुरुवारीच कळलं," तो म्हणाला. "मी बघत राहिलो, कारण तू चांगलं करत होतास. हात अगदी तसाच. पण एक चुकलं तुझं. तुझा तो गॅबल माणसांना भितो. मी माणसांना कधी भ्यालो नाही. गिऱ्हाइकं मला आवडायची. मी शब्दांना भ्यायचो. हे मी तुला ताटं धुताना सांगितलं होतं."

"हो," मी म्हणालो.

"विचारलं असतंस तर," तो म्हणाला, आणि पुढे काही बोलला नाही. शब्द अडला होता की त्याला पुढचं सांगायचंच नव्हतं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी वाट पाहिली. मग तो आत गेला.

यानंतर मी मालिका सोडली असं मला इथे लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मी तिसरं वर्षही केलं. सुरुवातीला टायवरचा हात आणि ते वाक्य काढून टाकलं. दोन भागांनंतर प्रेक्षकांची पत्रं आली, मार्चबँक म्हणाला, "तुमची तब्येत बरी आहे ना?" पाचव्या भागापासून मी सगळं परत आणलं. त्या वर्षी मला बक्षीस मिळालं. मंचावरून मी चौदा जणांचे आभार मानले. माझ्या टायची गाठ बांधणाऱ्या बाईचेसुद्धा. चौथ्या वर्षी वाहिनीलाच त्याचा कंटाळा आला आणि ते बंद झालं. मी पुन्हा पाद्री आणि माळी करायला लागलो.

थॉर्नक्लफला मी सात वर्षं गेलो नाही. विनी नाताळला कार्ड पाठवायची, त्यावर फक्त दोघांची नावं. मग एका कार्डावर तिने लिहिलं, हॅरॉल्ड निवृत्त झालाय, भाजी लावतो, आलास तर हाकलणार नाही.

गावाबाहेर नगरपालिकेने लोकांना भाजीसाठी जमिनीचे तुकडे दिले होते, त्यातला एक त्याचा होता. मी गेलो तेव्हा तो लीकच्या, म्हणजे कांद्याच्या जाड पातीसारख्या भाजीच्या, ओळीत उभा होता. त्याने मला बसायला बादली उपडी करून दिली आणि थर्मासमधला चहा दिला. आणि मग तो बोलायला लागला. ब्रायनने त्याचं फावडं कसं मोडलं आणि ते लपवायला नवीन आणून त्याला चिखल कसा फासला, ही गोष्ट. दोन मिनिटांची गोष्ट, त्याला दहा मिनिटं लागली. ब्रायनचं नाव त्यात सहा वेळा आलं आणि सहाही वेळा तो त्याच्यापाशी थांबला, झगडला आणि पुढे गेला. लाज नाही, घाई नाही. शेजारच्या तुकड्यातला म्हातारा कुदळीवर टेकून ऐकत होता आणि बरोबर जागी हसला. गोष्ट खरंच मजेदार होती. हॅरॉल्ड इतका मजेदार माणूस आहे हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

आणि मग माझं माझ्या हाताकडे लक्ष गेलं. तो माझ्या गुडघ्यावर होता आणि बोटं हळूच हलत होती. हॅरॉल्ड कुठे थांबतो, किती वेळ थांबतो, ओठ कसे आवळतो, त्याचा ताल माझी बोटं धरत होती. मी तो हात मांडीखाली घातला आणि त्यावर बसलो. हॅरॉल्डने ते पाहिलं. तो गोष्टीच्या मधोमध थांबला, बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, आणि मग गोष्ट पुढे सांगायला लागला.

निघताना त्याने मला चार लीक वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. माफी मी पुन्हा मागितली नाही. त्याने पुन्हा ऐकून घ्यावं, हे ओझं त्याच्यावर टाकायची मला हिंमत झाली नाही.

पुढच्या वर्षी माझ्या एजंटचा फोन आला. एका मोठ्या चित्रपटात अडखळत बोलणाऱ्या वकिलाची भूमिका होती आणि त्यांना मीच हवा होतो. मी नाही म्हटलं. विनीला हे कुठून तरी कळलं. तिने पत्र लिहिलं, पहिल्यांदाच लांबलचक, आणि शेवटी लिहिलं की हॅरॉल्डला तिने ते सांगितलंय.

मी तिला उत्तर लिहायला बसलो, ते आठ दिवस पूर्ण झालं नाही. कारण ती भूमिका मी नाकारली तेव्हा माझ्या हातात दुसरं काम होतं, तीन महिन्यांचं, आणि तारखा जमत नव्हत्या. एजंटला मी तेच कारण दिलं होतं. तारखा मोकळ्या असत्या तर मी काय केलं असतं, ते मला खरंच सांगता येत नाही. पत्रात मी हे लिहिलं, मग तो कागद फाडला आणि दुसऱ्यावर लिहिलं, की लीक फार छान होते.